जंतू अनेकांना, आजार थोड्यांना

सोयरिक जमवताना 'त्या घरात टीबी आहे' एवढं एक वाक्य कुणीतरी कानाशी लागून सांगतं आणि बोलणी तिथंच थांबतात. हे खेड्यात घडतं तसंच पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या घरांतही घडतं. सांगणाऱ्याला विचारावं, की अहो, टीबी जंतूंनी होतो, औषधांनी बरा होतो, यात घराण्याचा काय संबंध? तर उत्तर ठरलेलं असतं : "आजोबांना होता, काकांना होता, आता धाकट्याला झालाय. रक्तातच असणार." या बोलण्यातला क्रूरपणा उघड आहे आणि त्यानं कितीतरी मुलींची आयुष्यं नासवली आहेत. पण त्यामागचं निरीक्षण खोटं नाही. टीबी काही घरांत पुन्हा पुन्हा येतो. तो रक्तातून येतो, की एकाच कोंदट खोलीत सगळे झोपतात म्हणून येतो, की ताटात पुरेसं पडत नाही म्हणून येतो, हा खरा प्रश्न आहे. हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती लिहिलं आहे.

जगातल्या जवळजवळ एक चतुर्थांश माणसांच्या शरीरात टीबीचा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अशा शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार होतो. तरीसुद्धा २०२३ या एका वर्षात सुमारे १ कोटी ८ लाख लोक आजारी पडले, साडेबारा लाख दगावले, आणि आजारी पडलेल्यांत दर शंभरांत २६ जण आपल्या देशातले होते. आजार कुणाला होतो याची बरीच कारणं ठाऊक आहेत : एचआयव्ही, मधुमेह, उपासमार, दारू, विडी-सिगारेट, दगडखाणीतली सिलिकाची धूळ. मात्र ही सगळी वजा केली तरी काही शिल्लक उरतं. धडधाकट तरुण अंथरूण धरतो आणि त्याच्याच खोलीत वर्षभर राहिलेला अशक्त भाऊ सुटतो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्याआधी युरोपातले कितीतरी नामवंत डॉक्टर हा आजार वंशपरंपरेनं येतो असंच मानत असत. जंतू हाती लागल्यावर आनुवंशिकतेची चर्चा मागे पडली, आणि ते योग्यच झालं. लक्ष थुंकीकडे गेलं, हवेकडे गेलं, घरांच्या खिडक्यांकडे गेलं. जंतूशिवाय टीबी होत नाही हे पक्कं झालं. पण जंतू शिरला म्हणजे टीबी होतोच असं नाही, ही दुसरी बाजू बरीच वर्षं कोपऱ्यात पडून राहिली.

ती बाजू तपासायची कशी? माणसांच्या मोठ्या गटाला जाणूनबुजून जिवंत जंतू द्यायचे आणि कोण वाचतो ते बघायचं, असा प्रयोग कुणीही करू नये. जर्मनीतल्या ल्युबेक शहरात तो चुकीनं घडला. १९२९च्या अखेरीपासून १९३०च्या एप्रिलपर्यंत तिथल्या नवजात बाळांना टीबीविरुद्धची बीसीजी लस दिली गेली. तेव्हा ही लस टोचत नसत, तोंडावाटे पाजत. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच तिचे तीन डोस जात. लशीचा मूळ जंतू पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेला होता, तो निरुपद्रवी होता. पण लस जिथं तयार होत होती त्याच प्रयोगशाळेत टीबीचा अस्सल, घातक जंतूही वाढवला जात होता, आणि दोन्ही मिसळले. लस मिळालेली बाळं २५१ होती. वसंत ऋतूत एकेक बाळ आजारी पडू लागलं, तोपर्यंत पुढच्या बाळांना लस पाजणं चालूच होतं. ७२ बाळं टीबीनं गेली. खटला उभा राहिला आणि जबाबदार डॉक्टर गेऑर्ग डायके आणि एर्न्स्ट आल्टष्टेट यांना तुरुंगवास झाला. लस स्वतः निर्दोष होती, हे चौकशीतून निष्पन्न झालं. पण लोकांच्या मनातली भीती कितीतरी वर्षं गेली नाही.

आता उरलेल्या १७९ बाळांकडे बघू. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून तेरा-चौदा वर्षं होती. टीबीवर एकही औषध नव्हतं. दोन-चार दिवसांच्या जिवाच्या पोटात घातक जंतू गेले, बहुतेकांना आजाराची लक्षणंही दिसली, आणि तरी ती बाळं स्वतःच्या शरीराच्या बळावर बरी झाली. काहींना तर आजाराची खूणही उमटली नाही. अनेक पाठ्यपुस्तकांनी यावरून एकच निष्कर्ष काढला : काही बाळं जन्मतःच कणखर असतात. २०१६ मध्ये संशोधकांनी ल्युबेकच्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या तेव्हा असं दिसलं, की लशीच्या सगळ्या खेपांत भेसळ सारखी नव्हती. कुणाच्या वाट्याला घातक जंतू पुष्कळ आले, कुणाच्या वाट्याला थोडे, आणि कोण जगलं हे बऱ्याच अंशी त्यावर ठरलं. या पुस्तकात पुढे जे जे येणार आहे त्या सगळ्याचा पेच ल्युबेकमध्येच आहे. शरीराची उपजत ताकद खरी आहे. पण जंतूंचा मारा किती होता हे मोजल्याशिवाय त्या ताकदीबद्दल बोलणं घाईचं ठरतं.

प्राण्यांत हा मारा मोजून देता येतो. फिलाडेल्फियातल्या हेन्री फिप्स संस्थेत मॅक्स लुरी यांनी वर्षानुवर्षं सशांची घराणी वाढवली. काही घराणी टीबीला चटकन बळी पडत, काही नेटानं झुंजत, आणि हा गुण पिढ्यान् पिढ्या उतरत असे. माणसांत त्याच्या जवळ जाणारा पुरावा जुळ्यांचा. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या जुन्या नोंदी जॉर्ज कॉम्स्टॉक यांनी १९७८ मध्ये नव्यानं तपासल्या. एकरूप जुळ्यांपैकी एकाला टीबी असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण शंभरांत ३१ निघालं, भिन्नबीज जुळ्यांत १५. दुप्पट फरक आहे, तेव्हा आनुवंशिकतेला नाकारता येत नाही. पण तोच आकडा दुसऱ्या टोकाकडून वाचून पाहावा. जनुकं तंतोतंत सारखी, बहुधा घरही एकच, आणि तरीही शंभरांतल्या ६९ जोड्यांत दुसऱ्या भावंडाला टीबी नव्हता. 'रक्तातच असणार' म्हणणाऱ्यानं हे लक्षात घ्यायला हवं.

असं अर्धवट वाचन फक्त सोयरिकीच्या बैठकीत होतं असं नाही. जर्मनीत जुळ्यांच्या टीबीवरचा एक मोठा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा एक लेखक ओटमार फॉन फेर्शुअर हा वंशशुद्धीच्या विचाराचा खंदा पुरस्कर्ता होता आणि पुढे आउशविट्झमध्ये जुळ्या मुलांवर अत्याचार करणारा योझेफ मेंगेले हा त्याचाच शिष्य. कॅनडातल्या कापेल खोऱ्यात मूळ रहिवाशांना राखीव वस्त्यांत कोंडल्यानंतर, १८८६च्या सुमारास, एका वर्षात शंभरांतले सुमारे नऊजण टीबीनं मरत होते. पुढे कितीतरी लेखकांनी त्याचं कारण 'या लोकांच्या रक्तात प्रतिकारशक्तीच नाही' असं देऊन टाकलं. ज्यांच्यावर त्यांचं पोट चाले ते गव्यांचे कळप नुकतेच संपले होते, लोक उपाशी होते, सरकारी शिधा तुटपुंजा होता आणि घरं दाटीची होती, एवढं सगळं त्या एका वाक्याखाली झाकलं गेलं. जनुकांचं शास्त्र मला मनापासून प्रिय आहे, म्हणूनच त्याचा असा वापर झालेला मला सहन होत नाही.

मग जनुकांची भाषा कुठं निर्विवादपणे कामाची आहे? माझ्या मते सर्वांत आधी एका लहान बाळाच्या बाबतीत.

आपल्याकडे जन्मल्यावर लगेच डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. काही आठवड्यांनी तिथं पुळी येते, फुटते, खपली धरते आणि आयुष्यभराचा वण राहतो. काही बाळांच्या डाव्या काखेत छोटी गाठही येते. बहुतेकांची ती आपोआप विरते, आईबापांनी धसका घेण्याचं कारण नसतं. पण फार थोड्या बाळांत गाठ विरत नाही. ती वाढते, फुटून वाहू लागते, मग मानेत, दुसऱ्या काखेत गाठी येतात, ताप हटत नाही, यकृत आणि पाणथरी सुजते, वजन घटत जातं. लशीतला जो जंतू कोट्यवधी बाळांना काहीही करत नाही, तो या बाळाच्या अंगभर पसरलेला असतो. विचारलं तर आई खाली मान घालून सांगते, की आधीचंही एक असंच गेलं.

अशा बाळाच्या शरीरात काय बिघडलेलं असतं, हे १९९६ मध्ये पहिल्यांदा स्पष्ट झालं. टीबीचा जंतू आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात, पण गिळलं म्हणजे मारलं असं नव्हे. जंतू पेशीच्या पोटात आरामात राहू शकतो. त्याला मारण्यासाठी भक्षक पेशीला बाहेरून चेतवणी लागते. ती इंटरफेरॉन गॅमा नावाच्या रेणूकडून मिळते, आणि तो रेणू सोडावा म्हणून भक्षक पेशी स्वतः इंटरल्युकिन-१२ नावाचा निरोप धाडत असते. १९९६ मध्ये लंडनच्या चमूनं माल्टातल्या काही मुलांत आणि पॅरिसच्या चमूनं ट्युनिशियातल्या एका बाळात एकच दोष शोधला : इंटरफेरॉन गॅमा पेशीपर्यंत पोचतो, पण तो धरून ठेवणारा ग्राहकच नीट घडलेला नाही. चेतवणी दारापर्यंत येऊन परत जाते. त्यानंतर याच साखळीतल्या एकेका कडीचे दोष सापडत गेले. इंटरल्युकिन-१२चा ग्राहक बिघडलेला असेल तर इंटरफेरॉनची इंजेक्शनं देऊन मदत होऊ शकते. इंटरफेरॉनचा ग्राहक पूर्णच नसेल तर त्या इंजेक्शनांचा उपयोग नाही, तिथं अस्थिमज्जारोपणाचा विचार करावा लागतो. म्हणजे नेमकं कोणतं जनुक बिघडलंय यावर त्या बाळाचे उपचार ठरतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था अशा जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासण्या करते, हे आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांना ठाऊक असलं तरी काही जीव वाचतील.

इथं आपल्या एका जुन्या रीतीबद्दल बोलावंच लागतं. मामाच्या मुलीशी लग्न ही कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि मराठवाड्याच्या कितीतरी घरांत आजही सहज, आनंदानं होणारी गोष्ट आहे. वर सांगितलेले बरेच दोष असे असतात, की जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तर माणूस ठणठणीत राहतो. नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असतील तर दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो, आणि मग दर खेपेला चारांत एक एवढी शक्यता, की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. बाळ गेलं की दोष मात्र एकटीच्या माथी येतो. सून पांढऱ्या पायाची ठरते. तिच्या दुधात खोट काढली जाते. दोष बापाकडून आणि आईकडून सारखाच आला आहे, हे कागदावर छापून दाखवणारी तपासणी त्या बाईच्या दृष्टीनं किती मोलाची असेल, याचा विचार मी हे पुस्तक लिहिताना सतत करत होतो.

असे एका जनुकाचे दोष दुर्मीळ असतात. सर्वसामान्य टीबीचं काय? विदर्भात, नंदुरबारात सिकलसेल परिचयाचा आहे, आणि सिकलसेलची एक प्रत असणाऱ्याला जीवघेण्या मलेरियापासून मोठं संरक्षण मिळतं हेही बऱ्याच वाचकांना माहीत असेल. टीबीच्या बाबतीत असं एकच ठळक जनुक मिळेल, ही आशा पुष्कळांनी धरली होती. ती फळली नाही. जवळात जवळ जाणारं उदाहरण म्हणजे टायक-२ नावाच्या जनुकाचं एक रूप. युरोपीय वंशाच्या साधारण सहाशे लोकांत एकाकडे त्याच्या दोन्ही प्रती असतात आणि त्याला टीबीचा धोका बराच जास्त असतो. प्राचीन हाडांतल्या डीएनएचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की गेल्या दोन हजार वर्षांत युरोपात या रूपाचं प्रमाण झपाट्यानं घटलं. टीबीनंच ते छाटत नेलं असावं. युरोपबाहेर ते विरळच आहे, तेव्हा आपल्या रुग्णांबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

बाकीचा शोध म्हणजे पायलीभर ज्वारीतला कोणता दाणा जड आहे ते चाचपण्यासारखा आहे. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसं घेऊन संपूर्ण जनुकसंच चाळायचा, ही पद्धत मधुमेहात भरभरून यशस्वी झाली. टीबीत एका देशात सापडलेली खूण बहुधा दुसऱ्या देशात दिसेना. शेवटी नऊ देशांतले अभ्यास एकत्र केले गेले, १४ हजारांहून अधिक रुग्ण आणि १९ हजारांहून अधिक निरोगी लोक. त्यातून निर्विवाद अशी एकच जागा वर आली, ती एचएलए जनुकांच्या टापूत. प्रतिकारपेशींना जंतूचे तुकडे ओळखीसाठी दाखवण्याचं काम ही जनुकं करतात. दिल्ली आणि चेन्नईच्या संशोधकांनी १९८०-९०च्या दशकांत भारतीय रुग्णांच्या लहान गटांवर काम करून याच टापूकडे बोट दाखवलं होतं, हे इथं आवर्जून नोंदवतो. या शोधांमधून उद्याच्या लशी-औषधांसाठी धागे मिळतील. पण एखाद्या माणसाचं रक्त तपासून 'तुला टीबी होईल' किंवा 'होणार नाही' असं सांगण्याइतकं बळ त्यात नाही. तसं सांगणारी महागडी तपासणी कुणी विकू लागलं तर घेऊ नये.

जनुकांचा एक उपयोग मात्र दारात येऊन उभा आहे आणि तो आजार होण्याशी नव्हे, तर गोळी पचण्याशी संबंधित आहे. आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून टीबीविरुद्ध वापरात आहे आणि आजही प्रत्येक नव्या साध्या रुग्णाला ते मिळतं. यकृतातलं एक विकर त्याचा निचरा करतं. ते विकर काहींत भराभर काम करतं, काहींत सावकाश, आणि हे पूर्णपणे जनुकावर ठरतं. भारतात निम्म्याहून अधिक लोक सावकाश गटातले आहेत. १९५६ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, सुरू झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रानं यावर जगाला शिकवणारं काम केलं. मोठे डोस घेणाऱ्या सावकाश गटातल्या रुग्णांच्या पायांना मुंग्या येत, आग होई, आणि ब गटातलं जीवनसत्त्व दिल्यावर ते थांबे. आठवड्यातून एकदाच गोळी देऊन पाहिली तेव्हा भराभर गटातले रुग्ण मागे पडले, कारण औषध त्यांच्या अंगात टिकतच नव्हतं. सावकाश गटाला यकृताला इजा होण्याचा धोका अधिक असतो, हेही पुढे दिसलं. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये जनुक पाहून डोस ठरवला, तर एका गटात यकृताचा त्रास कमी झाला आणि दुसऱ्या गटात उपचार सुरुवातीलाच फसण्याचं प्रमाण घटलं. कावीळ होऊन औषध मधेच सुटलेला रुग्ण ज्यानं पाहिला असेल, त्याला ही तपासणी सरकारी दवाखान्यात का हवी हे वेगळं सांगावं लागणार नाही. तोवर गोळ्या आपल्या मनानं कमीजास्त करणं मात्र घातक आहे.

इतकं लिहिल्यावर झारखंडकडे वळतो, कारण त्याशिवाय हे पुस्तक एकांगी होईल. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या चमूनं तिथं टीबीच्या २८०० रुग्णांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्या रुग्णांना शिधा मिळाला. निम्म्या कुटुंबांत घरच्या इतर माणसांनाही दरमहा माणशी पाच किलो धान्य, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, संसर्गजन्य फुप्फुसाच्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. जनुकं कुणाचीच बदलली नव्हती. 'त्या घरात टीबी आहे' या वाक्यातला केवढा तरी भाग डाळ-तांदळानं पुसता येतो, हे मोजून सिद्ध झालं. केंद्र सरकारनं रुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० रुपयांवरून १००० केली आहे. चांगली गोष्ट आहे. पण झारखंडच्या चाचणीनं दाखवलेला फायदा घरच्या माणसांना दिलेल्या शिध्याचा होता, तेव्हा रेशन त्यांच्यापर्यंतही पोचायला हवं.

शिधा आधी, जनुकं नंतर, असा क्रम कुणी लावला तर मी वाद घालणार नाही. तरीही जनुकांचं काम थांबवून चालणार नाही, आणि त्याचं कारण काही वेगळ्याच लोकांत दडलेलं आहे. युगांडातल्या कुटुंबांत, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत अशी माणसं आढळली, की जी वर्षानुवर्षं टीबीच्या रुग्णांबरोबर राहिली, पण त्यांची त्वचाचाचणी आणि रक्तचाचणी कायम नकारार्थी आली. जंतू त्यांच्यात मूळच धरत नाही की काय, असं वाटावं. धारावीच्या किंवा मालेगावच्या एका खोलीच्या घरांतही अशी माणसं असणारच. त्यांच्या शरीराला जे जमतं ते समजलं तर लस कशी असावी याचं उत्तर मिळू शकेल.

पण वर सांगितलेल्या नऊ देशांत भारत नाही. जगातले चौथ्या हिश्श्याचे रुग्ण ज्या देशात, तिथल्या जनुकांशिवायच टीबीचा जनुकनकाशा काढला गेला आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचून झाले, त्यामुळे पाया आता तयार आहे. रुग्णांचे आणि न आजारी पडणाऱ्या सोबत्यांचे नमुने त्यावर यायला हवेत. नमुना देणाऱ्याला तो कशासाठी घेतला हे त्याच्या बोलीत समजावलं पाहिजे. निष्कर्ष त्याला कळवले पाहिजेत. आणि त्याचं नाव, जात, गाव यांपैकी काहीही निष्कर्षाला चिकटून बाहेर पडणार नाही, याची लेखी हमी रक्त काढण्याआधी त्याच्या हातात पडली पाहिजे.